माँड्रागॉन : कामगारांच्या मालकीचा सहकार

उद्योगाचा मालक कोण, भांडवल घालणारा की घाम गाळणारा? औद्योगिक क्रांतीइतक्याच जुन्या या प्रश्नाला भांडवलशाहीने भागधारकाच्या बाजूने उत्तर दिले, तर साम्यवादी देशांनी मालकी सरकारकडे सोपवली. उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशातल्या माँड्रागॉन या डोंगराळ गावाने तिसरे उत्तर शोधले. तेथील सहकारी संस्थांमध्ये कामगार हेच मालक असतात. नफा वर्ज्य नाही. पण तो रोजगार निर्माण करण्याचे आणि टिकवण्याचे साधन मानला जातो. आज या समूहात सुमारे ८० सहकारी संस्था असून जवळपास ७० हजार लोक काम करतात.

आरंभ
यादवी युद्धाने होरपळलेल्या या गावात १९४१ साली होसे मारिया अरिसमेंदिअरिएता हे तरुण धर्मगुरू आले. त्यांनी १९४३ मध्ये लोकवर्गणीतून तंत्रशाळा काढली. आधी शिक्षण, मग उद्योग, हा त्यांचा क्रम होता. याच शाळेच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये केरोसीनवर चालणारे स्टोव्ह बनवण्याचा कारखाना सुरू केला. पाचही जणांच्या आडनावांतील अक्षरे जुळवून त्याला 'उल्गोर' हे नाव दिले गेले. १९५९ मध्ये 'काहा लाबोराल' ही बँक उभी राहिली. परिसरातील लोकांची बचत नव्या सहकारी कारखान्यांकडे वळवण्याचे काम या बँकेने केले. कामगार स्वतःच मालक असल्याने सरकारी सामाजिक विम्याची दारे त्यांना बंद झाली, तेव्हा समूहाने 'लागुन आरो' ही स्वतःची विमा व निवृत्तिवेतन योजना उभारली.

कार्यपद्धती
या संस्थांचा डोलारा सद्भावनेपेक्षा नियमांवर उभा आहे. सभासद होताना कामगाराला साधारण १५ हजार युरो भांडवल भरावे लागते. ते हप्त्यानेही भरता येते. मात्र भांडवल कितीही असले, तरी मत एकच. सर्वसाधारण सभा संचालक मंडळ निवडते आणि मंडळ व्यवस्थापकाची नेमणूक करते. म्हणजे व्यवस्थापक कामगारांना उत्तरदायी असतो. सर्वात कमी व सर्वात जास्त वेतनातील प्रमाण सुरुवातीला १:३ होते. पुढे ते साधारणतः १:६ पर्यंत वाढले.

नफ्यातील किमान १० टक्के रक्कम शिक्षण व समाजकार्यासाठी काढली जाते. उरलेल्यातून राखीव निधी व सभासदांची भांडवली खाती भरली जातात. खात्यावरील मूळ रक्कम संस्था सोडताना किंवा निवृत्तीच्या वेळी मिळते. हे भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत, त्यामुळे बाहेरचा धनको कारखाना ताब्यात घेऊ शकत नाही. एखादी संस्था अडचणीत आली, तर इतर संस्था तिला निधी देतात आणि तिचे कामगार आपल्याकडे सामावून घेतात.

कसोटी
या व्यवस्थेची खरी परीक्षा २०१३ मध्ये झाली. उल्गोरचीच पुढची पिढी असलेल्या 'फागोर' या घरगुती उपकरणांच्या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्समधील 'ब्रँट' कंपनी विकत घेऊन मोठे कर्ज ओढवून घेतले होते. २००८ च्या मंदीत स्पेनमधील घरबांधणी कोसळली आणि फ्रिज व वॉशिंग मशीनची मागणीही आटली. सभासदांनी स्वतःची वेतनकपात मान्य केली, इतर संस्थांनी पैसा ओतला. तरीही तोटा भरून निघेना. अखेर आणखी मदत न देण्याचा निर्णय समूहाने घेतला आणि फागोरचे दिवाळे निघाले. कामगारांनी गुंतवलेली पुंजी बुडाली. परंतु बहुसंख्य बास्क सभासदांना अन्य संस्थांत काम मिळाले किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेता आली. कंपनी वाचली नाही. माणसे बऱ्याच अंशी वाचली.

हे संरक्षण फक्त सभासदांना होते, ही गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. फागोरच्या पोलंड व फ्रान्समधील कारखान्यांचे कामगार निव्वळ पगारी नोकर होते. जागतिक स्पर्धेत टिकण्यासाठी परदेशी कारखाने हवेत, पण तेथील कामगारांना मालकी नाही, ही विसंगती आजही सुटलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये 'उल्मा' व 'ओरोना' या दोन मोठ्या संस्थांनी अधिक स्वायत्ततेसाठी समूह सोडला. एकजुटीसाठी स्वातंत्र्य किती सोडायचे, हा प्रश्नही कायम आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने
प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखानदारीची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व नवे नाही. फरक सभासद कोण, यात आहे. आपल्याकडे कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा शेतकरी असतो. यंत्रावरचा कामगार नोकर असतो आणि ऊसतोड मजूर तर मुकादमामार्फत येणारा हंगामी माणूस. माँड्रागॉनने मालकी श्रमाला जोडली. पण सीमेपलीकडच्या श्रमिकापर्यंत तीही पोहोचली नाही. सहकाराचा लाभ कोणाला, हे दोन्हीकडे शेवटी सभासदांच्या यादीवरच ठरते.