परळचे उंदीर

सांगलीच्या हळद बाजारात हमाली करणारे माझे मामा यकृताच्या कर्करोगाने गेले. मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांनी इंग्रजी कागदावर मराठीत सही केली होती. काढलेली गाठ संशोधनासाठी वापरण्याची ती संमती होती, हे साताऱ्याला घरी कागद चाळताना मला पुष्कळ उशिरा उमगले. अशा गाठीचे पुढे काय होते, याचा शोध तेव्हापासून सुरू आहे.

आपल्याकडे हा शोध परळला जातो. तेथे १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पुण्याच्या कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) यांनी तेथे उंदरांचे शुद्ध वंश जोपासले. सख्ख्या भावंडांचा संकर वीस पिढ्या करत नेला की सारे उंदीर जवळजवळ एकसारखे निपजतात. मग रोगाचे कारण शोधताना आनुवंशिक फरकांचा घोळ राहत नाही. रणदिव्यांचा भर स्तनाच्या कर्करोगावर होता. पण तो रोग उंदराचा स्वतःचा. माणसाची गाठ रोवली तर धडधाकट उंदराचे शरीर ती परकी म्हणून झिडकारते.

वाट काढली ती एका अधू उंदराने. बिनकेसांचा, थायमस ग्रंथी नसलेला. १९६९ साली कोपनहेगनमध्ये रायगार्ड आणि पोव्हल्सेन यांनी त्याच्या अंगात माणसाच्या आतड्याची गाठ वाढवली. पुढे यकृताच्या गाठीही रुजल्या. मात्र पुष्कळ तुकडे रुजतच नाहीत, रुजले तरी महिने जातात, आणि आक्रमक गाठी लवकर धरतात. सिरोसिसने यकृत पार खंगलेल्यांवर तर बहुधा शस्त्रक्रियाच होत नाही. त्यांची गाठ पिंजऱ्यापर्यंत पोचणार कशी? शिवाय ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही, त्याच्यावर प्रतिकारशक्ती जागवणारे औषध कसे पारखायचे, हाही पेच आहेच.

रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी तिला न विचारता वाढवल्या गेल्या. मामांना विचारले तरी होते, पण त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत.

रुजलेल्या गाठीचे तुकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे गोठवून ठेवता येतात, असे मी मामींना सांगितले. त्या निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाल्या, "म्हंजी त्यांची गाठ अजून कुठंतरी जित्ती असंल व्हय रं?"