कोण कोणाला जोडलंय? स्क्रीनमागच्या नोंदींचा छोटा इतिहास

संशोधन सुरू केलं की तुमच्या हाती बहुतेक दुसऱ्याने लिहिलेला कोड येतो. माझ्याही आला. प्रयोगशाळेतल्या बोर्डला दुसरा स्क्रीन लावला की पहिल्यावरचं चित्र गायब! चार दिवस मी ड्रायव्हरमधला एक पॉइंटर तपासत बसले होते. चूक सापडली ती मात्र त्या पॉइंटरचा इतिहास वाचल्यावर.

आधी पात्रं ओळखून घेऊ. लिनक्स कर्नलमध्ये चित्र टप्प्याटप्प्याने स्क्रीनपर्यंत जातं. प्लेन चित्राचा थर पुरवतो. सीआरटीसी हे थर एकत्र करून ठरलेल्या वेळेला पिक्सेल बाहेर सोडतो. एन्कोडर त्यांचा एचडीएमआयसारखा सिग्नल बनवतो आणि केबल लागते तो कनेक्टर. (सीआरटीसी हे नाव जुन्या पिक्चर ट्यूबच्या कंट्रोलरचं. ट्यूब गेली, नाव राहिलं!) आता सीआरटीसी दोन आणि कनेक्टर तीन असतील, तर कोण कोणाला जोडलंय याची नोंद ठेवावीच लागते.

पूर्वी स्क्रीनचा मोड ठरवण्याचं काम कर्नलबाहेर, एक्स सर्व्हरमध्ये व्हायचं. मार्च २००९ मधल्या लिनक्स २.६.२९ मध्ये ते इंटेलच्या ड्रायव्हरपासून कर्नलमध्ये येऊ लागलं. तेव्हाची नोंद साधी होती: कनेक्टरमध्ये एन्कोडरचा पॉइंटर, एन्कोडरमध्ये सीआरटीसीचा. अडचण अशी, की पॉइंटर बदलला की आधीची जोडणी पुसली जायची. मध्येच काही फसलं तर? म्हणून सामायिक हेल्पर कोड आधी सगळ्या जोडण्यांची नक्कल काढून ठेवायचा आणि फसल्यावर ती परत बसवायचा.

२०१५ च्या सुमारास अ‍ॅटॉमिक पद्धत आली आणि विचारच बदलला. जोडणी आता वस्तूची राहिली नाही, ती ‘स्थिती’चा भाग झाली. कनेक्टरच्या आणि प्लेनच्या स्थितीत आपापला सीआरटीसी नोंदवलेला असतो; उलट बाजूने शोधता यावं म्हणून सीआरटीसीच्या स्थितीत बिटमास्क असतात. स्थितीची नवी प्रत बनवायची, हार्डवेअरला हात न लावता तपासायची, जमत असेल तरच जुनीच्या जागी आणायची. जमलं नाही तर प्रत टाकून द्यायची. परत बसवण्याची भानगडच नाही.

मग माझं काय चुकलं? एन्कोडरमधला तो जुना पॉइंटर अजून तिथेच आहे. अ‍ॅटॉमिक ड्रायव्हरमध्ये हेल्पर कोड तो अद्ययावत करतो, पण बदल अमलात आणताना. मी तो वाचत होते तपासणीच्या टप्प्यात, म्हणजे मला कालची जोडणी दिसत होती. कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय, की अ‍ॅटॉमिक ड्रायव्हरने कनेक्टरची स्थिती बघावी. मी ते वाचलंच नव्हतं.

तेव्हा एकच गोष्ट तुमच्यासाठी सांगते. एकच माहिती दोन ठिकाणी दिसली, तर आधी विचारा: यातली खरी कुठली, आणि कोणत्या क्षणी? उत्तर बहुतेक वेळा ‘गिट ब्लेम’मध्ये, कुणीतरी बदल करताना लिहिलेल्या चार ओळींत असतं. त्या वाचायला अर्धा तास लागतो. माझे चार दिवस गेले.