रनिंग : इंजिनाचं पहिलं दळण

जात्याला टाकी लावून झाली की पहिलं दळण कुणाच्या ताटात जात नाही. पाथरवट छिन्नीने दगडावर नवे घाव पाडून निघून जातो. मग घरातली बाई मूठमूठ भुसा नाहीतर जाडंभरडं धान्य घालून जातं थोडा वेळ फिरवते. त्यात दगडाची कच निघून जाते, वरचा दगड खालच्या दगडाशी जुळतो, आणि मगच ज्वारी आत पडते. ट्रकचं इंजिन बांधून झाल्यावर मिस्त्री ड्रायव्हरला जे बजावतो, तेही याच कुळातलं आहे. दोन हजार किलोमीटर रनिंग करायचं, फुल लोड घ्यायचा नाही, गाडी उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवायचं नाही, आणि पहिलं ऑईल लवकर काढायचं.

‘रनिंग’ हा शब्द इंग्लंडमधून आला. तिथे नवी गाडी घेतलेला माणूस मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी चिठ्ठी लावत असे. गाडी अजून रुळते आहे, तुम्ही पुढे जा, अशी ती विनंती. अमेरिकेत याच कामाला ‘ब्रेक इन’ म्हणतात. अनघड घोड्याला स्वारीसाठी तयार करण्याचा हा जुना शब्द. आपल्या गॅरेजांनी इंग्लंडच्या शब्दातलं ‘इन’ गाळलं आणि ‘रनिंग’ ठेवलं.

शब्द मोटारीच्या जमान्यातला असला, तरी ज्या अडचणीतून ही रीत निघाली ती मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. नळीत दट्ट्या वरखाली सरकला पाहिजे, पण त्याच्या कडेने काही निसटता कामा नये. सैल ठेवला तर गळतो आणि घट्ट केला तर अडकतो. टॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये वाफेचं इंजिन उभं केलं, तेव्हा त्याने दट्ट्याला चामड्याची चकती लावली आणि वर पाण्याचा थर ठेवला. फट राहिलीच तर ती पाण्याने बुजायची. जेम्स वॉटला हा उपाय चालणार नव्हता. १७६९ च्या त्याच्या पेटंटचा गाभाच असा, की सिलिंडर सतत गरम राहिला पाहिजे. वर पाणी ठेवलं तर तो थंडच पडणार. म्हणून वॉटने तेलात भिजवलेला ताग, चरबी, चिंध्या, कागद असं हाती लागेल ते फटीत कोंबून पाहिलं.

त्याची सुटका केली तोफांच्या कारागिराने. जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास सिलिंडर आतून कोरण्याचं यंत्र केलं. त्याच्या कोरणीचा दांडा दोन्ही टोकांना टेकलेला असल्यामुळे मध्ये लचकत नसे. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने पुढच्याच वर्षी समाधानाने कळवलं, की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकासुद्धा फरक नाही. आजचा फिटर हजारांश इंचाच्या हिशेबात बोलतो; त्याला ही फट भगदाड वाटेल. तरीही वॉटचं इंजिन चाललं, कारण उरलेली जागा ताग भरून काढत होता. मऊ ताग दाबाखाली आपोआप नळीचा आकार घेई. लोखंडाला लोखंडाशी जुळवून घेण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ आणली जॉन रॅम्सबॉटम या रेल्वेच्या इंजिनिअरने. १८५२ मध्ये त्याने पिस्टनसाठी धातूच्या चिरलेल्या रिंगचं पेटंट घेतलं. रिंग नळीपेक्षा किंचित मोठी करायची, एका जागी चिरायची आणि दाबून आत बसवायची. स्प्रिंगसारखी फाकून ती भिंतीला चिकटून राहते. तागाचं सारखं भरणं-बदलणं संपलं आणि घर्षणही घटलं. पण मऊ तागाच्या जागी कडक धातू आला, आणि तो एका दिवसात कुणाचा आकार घेत नाही. रिंग कितीही नेटकी घडवा, भिंत कितीही गोल कोरा, पहिल्या भेटीत दोघी मोजक्याच उंचवट्यांवर टेकतात. ते उंचवटे घासले जाईपर्यंत मधून वायू निसटतच राहतो. म्हणून मी रनिंगचा जन्म या रिंगेपाशी धरतो.

रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाने ही गरज आणखी तीव्र केली. १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन चाचणीत उतरलं, आणि १९२० च्या दशकात जर्मनीत डिझेल इंजिनाचे ट्रक रस्त्यावर आले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आत पडताच पेटावं. कडेने हवा निसटली तर दाब कमी, दाब कमी तर ताप कमी. सकाळच्या थंडीत स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते आणि गाडी पांढरा धूर काढत बसते, ती अनेकदा यामुळेच.

आता पुन्हा जात्याच्या टाकीकडे येऊ. बोअर केलेली नळी आरशासारखी गुळगुळीत सोडत नाहीत. फिरत्या दगडांचं होनिंगचं हत्यार वरखाली नेत भिंतीवर मुद्दाम तिरपे ओरखडे पाडतात. ते एकमेकांना छेदतात आणि शंकरपाळ्यांसारखी नक्षी उमटते. खोली जेमतेम काही मायक्रॉन, केसाच्या जाडीपुढे काहीच नाही. या चरांत तेल टिकतं आणि त्यांच्या धारांवर रिंग घासून बसते. जात्याचे घाव दाणा भरडण्यासाठी असतात, हे घाव तेल धरण्यासाठी.

आणि इथेच ‘हळू चालवा’ हा अर्धाच सल्ला ठरतो. रिंगचा स्वतःचा ताण थोडा असतो. ज्वलनाचा वायू तिच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. इंजिनावर भार नसेल तर हा दाब मिळत नाही. तासन् तास रिकामं फुरफुरणाऱ्या इंजिनात रिंग तेलावर नुसती घसरत राहते, तेल भाजून चरांत भरतं आणि भिंतीवर चकचकीत थर बसतो. याला ग्लेझिंग म्हणतात. मग गाडी ऑईल खाते, ब्रीदरमधून धूर फेकते, आणि मालकाच्या खर्चाने पुन्हा इंजिन खोलून होनिंग करावं लागतं. उलट पहिल्याच खेपेला भरगच्च माल लादून घाटात रेटलं, तर न बसलेली रिंग जागोजाग तापते आणि भिंतीला ओरबाडते. म्हणून मध्यम भार, कमीजास्त होणारा वेग, इंजिन घुसमटेल असा वरचा गिअर टाळणं, आणि एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर. घासून निघालेली लोखंडाची पूड पहिल्या ऑईलबरोबर बाहेर पडते, म्हणून ते लवकर काढायचं. ते भुशाचं दळण आहे.

आपल्याकडे ही विद्या पुस्तिकेपेक्षा माणसांतून फिरली. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला. १५ वर्षं आपल्या घाटांत तीन टोकांच्या ताऱ्याचे टाटा-मर्सिडीज ट्रक चढत राहिले. एक ट्रक घ्यायचा, त्याचं इंजिन पुन्हा पुन्हा बांधायचं आणि त्याच्यावर मुलांची शिक्षणं करायची, असं किती घरांनी केलं. त्या घरांत ‘इंजिन उतरवलंय’ हे वाक्य आजारपणासारखं बोललं जाई. बांधून झाल्यावर मिस्त्री ब्रीदरवर तळवा धरून वाफेचा जोर पाहतो, काही दिवसांनी गाडी परत बोलावतो, जुन्या धाटणीच्या इंजिनाचं हेड पुन्हा कसतो, टॅपेट सेट करतो. हे सगळं त्या मधल्या दिवसांचं पथ्यपाणी.

कारखान्यातून येणाऱ्या नव्या इंजिनांना आज एवढं पथ्य लागत नाही. होनिंगनंतर चरांच्या टोकांवरून आणखी एक बारीक हात फिरवून, रस्त्यावर झिजायचं ते कारखान्यातच झिजवलेलं असतं. हायवेकडेच्या गॅरेजात बांधलेल्या इंजिनाचा हा शेवटचा हात मात्र अजून ड्रायव्हरच्या पायाखाली आहे. मिस्त्रीने पाना खाली ठेवला तरी काम पुरं झालेलं नसतं. पहिल्या काही खेपांचा ड्रायव्हर हाही त्या इंजिनाचा एक कारागीर असतो, आणि अर्धा माल घेऊन निघालेल्या त्या खेपेचं भाडं कमी आलं, तरी मालकाने त्याच्याशी हुज्जत घालू नये.