अँजिओग्राफीनंतर धमनीचं छिद्र कसं बंद करतात? घरी आल्यावर कशाकडे लक्ष द्याल?

अँजिओप्लास्टी करून आलेला रुग्ण स्टेंटबद्दल सगळं सांगतो. किती टाकले, कुठल्या नसेत, किती टक्के ब्लॉक होता. पण "धमनीला पाडलेलं छिद्र कशानं बंद केलं?" असं विचारलं की तो नातेवाइकांकडे बघतो आणि नातेवाईक फाइलकडे. बहुतेक वेळा फाइलमध्ये ते लिहिलेलं असतं, पण वाचलेलं कोणी नसतं.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या लोकांसाठी हा प्रश्न थोडा जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण या तपासणीला आणि उपचाराला पनवेल, मुंबई किंवा पुण्याला जातात. महाडहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर, पोलादपूर त्याहून पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. त्यानंतर काही त्रास झालाच तर तो माणगावच्या पुढे गाडीत होतो, नाहीतर रात्री वाडीवर घरी होतो. जिथे छिद्र बंद केलं ते डॉक्टर तेव्हा जवळ नसतात. त्यामुळे छिद्र कसं बंद केलंय आणि बिघडलं तर कुठे दाबायचं, हे तुम्हालाच माहीत असायला हवं.

छिद्र केवढं असतं?

सलाइन किंवा रक्ततपासणीची सुई शिरेत जाते. शिरेतला दाब कमी असतो, कापूस दोन मिनिटं दाबला की काम होतं. अँजिओग्राफी धमनीतून करावी लागते, आणि धमनीत प्रत्येक ठोक्याला रक्त जोरात ढकललं जातं. १९५३ साली सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी मांडलेली पद्धत आजही जगभर वापरतात: सुईनं धमनी टोचायची, सुईतून मऊ तार आत सरकवायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. धमनीत जाऊन बसते त्या बाहेरच्या नळीला शीथ म्हणतात. हृदयाच्या कामासाठी नेहमी वापरली जाणारी शीथ बाहेरून साधारण अडीच मिलिमीटर जाड असते, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. जांघेतून हृदयाची झडप बसवतात तेव्हा छिद्र पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जातं.

मनगटातून केलं असेल तर

१९८९ साली कॅनडातल्या लुसियाँ कांपो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. आज शक्य असेल तिथे हाच रस्ता आधी निवडतात. कारण सोपं आहे. मनगटातली धमनी कातडीच्या लगेच खाली, हाडावर असते. बाहेरून दाबली की बंद होते, आणि रक्तस्राव झाला तर तो डोळ्यांना दिसतो. इथे आत काही बसवावं लागत नाही. हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि काही तासांत टप्प्याटप्प्यानं हवा काढून तो सोडतात. पट्टा घट्ट वाटला, बोटं बधिर किंवा निळसर झाली, तर सिस्टरना बोलवा. स्वतः हवा काढू नका.

तरीही काहींना जांघेतून करावं लागतं. मनगटाची नाडी बारीक असते, आधी बायपास झालेली असते, डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या राखून ठेवायच्या असतात, किंवा पायाच्या धमनीचाच उपचार असतो. "मनगटातून का नाही केलं?" असा प्रश्न जरूर विचारा, पण जांघेतून केलं म्हणजे काही चुकलं असा अर्थ काढू नका.

जांघेतलं छिद्र: हात, बोळा, टाका

जुनी आणि आजही चांगली पद्धत म्हणजे हातानं दाबणं. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा परिणाम उतरला की शीथ काढतात आणि अनुभवी हात १५ ते २० मिनिटं धमनीला खालच्या हाडावर दाबून धरतो. मग चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. ज्यांना कंबरदुखी आहे, दम लागतो, किंवा प्रोस्टेटमुळे पडून लघवी होत नाही, त्यांना हे तास फार जड जातात. अशांसाठी छिद्र बंद करणारं साधन खरोखर उपयोगी पडतं.

ही साधनं साधारण १९९० च्या दशकापासून वापरात आली. त्यांचे मुख्य प्रकार असे.

पहिला प्रकार बोळ्याचा. अँजिओ-सील हे त्यातलं प्रसिद्ध नाव. धमनीच्या आत एक चपटी छोटी पट्टी, बाहेर कोलॅजेनचा बोळा, आणि दोन्ही घट्ट ओढून धरणारा दोरा. शर्टाचं बटण काजात अडकतं तशी रचना. पट्टी, बोळा, दोरा हे सगळं साधारण ६० ते ९० दिवसांत शरीरात विरघळतं. तोवर त्याच जागी पुन्हा सुई टोचायची झाली तर जागा थोडी बदलावी लागते, म्हणून पुढच्या डॉक्टरला हे माहीत असणं गरजेचं आहे. यातलं कोलॅजेन गुरांच्या ऊतींपासून बनवतात. त्याची अ‍ॅलर्जी असेल, किंवा श्रद्धेमुळे तुम्हाला ते चालणार नसेल, तर कॅथलॅबमध्ये जाण्याआधीच सांगा. दुसऱ्या बनावटीची साधनं मिळतात. हा प्रश्न विचारायला रुग्ण संकोचतात आणि डॉक्टर सांगायला विसरतात.

दुसरा प्रकार टाक्याचा. परक्लोज प्रोग्लाइड हे साधन धमनीच्या भिंतीला आतून टाका घालतं आणि गाठ बाहेरून सरकवून बसवतं. धागा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे शस्त्रक्रियेत नेहमी वापरतात तोच. तो विरघळत नाही, पण त्रासही देत नाही. झडपेसारख्या मोठ्या कामात हे टाके आधीच घालून ठेवतात आणि शेवटी गाठ आवळतात.

याशिवाय धमनीच्या बाहेरून जेल बसवणारी साधनं आहेत (मिंक्स हे त्यातलं एक), आणि बाहेरून धातूची बारीक क्लिप लावणारीही आहेत. क्लिप शरीरात कायम राहते. ती असेल तर पुढे एमआरआय करताना सांगायची.

साधन म्हणजे जास्त सुरक्षित का?

"पैसे जास्त घ्या पण चांगलं ते बसवा," असं मुलं म्हणतात. इथे जरा थांबा. २०१४ साली जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात जांघेतून अँजिओग्राफी केलेले सुमारे साडेचार हजार रुग्ण होते. धमनीशी संबंधित त्रास साधन वापरलेल्यांमध्ये ६.९ टक्के आणि हातानं दाबलेल्यांमध्ये ७.९ टक्के होता, म्हणजे जवळजवळ सारखाच. फरक पडला तो वेळेत: रक्त थांबायला साधनानं सुमारे १ मिनिट, हातानं १० मिनिटं. म्हणून माझं मत असं आहे की साधनाचे पैसे हे मुख्यतः लवकर उठून बसण्याचे पैसे आहेत. ते ज्याला गरजेचं आहे त्यानं जरूर द्यावेत. ज्याच्या डॉक्टरनं हातानं दाबायचं ठरवलं, त्याला कमी प्रतीचा उपचार मिळाला असं मानू नये. धमनीत चुन्याचा थर जास्त असेल, धमनी बारीक असेल किंवा सुई फाट्यावर लागली असेल, तर साधन टाळणंच योग्य असतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर साधन पॅकेजमध्ये आहे की वेगळं, हे आधीच विचारून घ्या.

घरी निघण्याआधी

फाइलमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या बाजूनं केलं, कशानं बंद केलं, कोणत्या तारखेला. अनेक साधनांसोबत छोटं कार्ड येतं. ते पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

निघण्यापूर्वी वॉर्डात चालून बघा आणि मग जागा पुन्हा तपासून घ्या. गाडीत सीट मागे कलती करून बसा. खोकला किंवा शिंक आली तर पट्टीवर हाताचा तळवा दाबून धरा. जुलै-ऑगस्टमध्ये हवामानाचा इशारा असेल तर एक रात्र जास्त थांबायची विनंती करायला लाजू नका. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं आणि दोन्ही तालुक्यांत रस्ते बंद झाले, हे आपण विसरलेलो नाही. जांघेतून उपचार होऊन २४ तासही झालेले नसताना वरंध किंवा आंबेनळी घाटात दरडीपाशी अडकणं टाळता येत असेल तर टाळावं.

रक्त आलं तर

रुग्णाला लगेच आडवं करा. गाडीत असाल तर गाडी थांबवून मागच्या सीटवर किंवा खाली चादरीवर. बसलेल्या माणसाच्या जांघेवर नीट दाब देता येत नाही.

आता दाबायचं कुठे? कातडीवरचं छिद्र आणि धमनीचं छिद्र एका जागी नसतात. सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीचं छिद्र कातडीच्या छिद्रापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर, बेंबीच्या दिशेनं असतं. तीन बोटं तिथे ठेवा आणि हात सरळ करून जोर द्या. घड्याळ लावून १५ मिनिटं. मध्ये उचलून "थांबलं का?" बघायचं नाही. जाड टॉवेलचा गठ्ठा ठेवून वरवर दाबण्यानं काही होत नाही, रक्त फक्त टॉवेलमध्ये मुरतं. हळद, चहापावडर, तंबाखू यातलं काहीही लावू नका.

रक्त उडत असेल किंवा सूज भराभर वाढत असेल तर दाबत असतानाच दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. नुसतं पाझरत होतं आणि थांबलं, तर दोन-तीन तास पडून राहा आणि हॉस्पिटलला कळवा. मनगटातून रक्त आलं तर खाली बसा, दोन बोटांनी छिद्रावर आणि थोडं वर दाबा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. थांबलं नाही तर इथेही १०८.

न दिसणारा रक्तस्राव

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. सुई जांघेत थोडी वर लागली असेल तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या भागात साठतं. पट्टी कोरडी असते, जांघेत सूज नसते. रुग्ण म्हणतो, कंबर भरून आली, ओटीपोटात दुखतंय, मळमळतंय. मग घाम फुटतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी खाली जातं. घरचे समजतात प्रवासानं कंबर धरली किंवा पित्त झालं. हे बहुधा पहिल्या दिवसभरात घडतं, क्वचित नंतरही. जांघेतून उपचार झालेल्या माणसाला असं काही झालं तर वेदनाशामक गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीच महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरकडे न्या आणि पहिलं वाक्य हे बोला: "काल जांघेतून अँजिओग्राफी झालीय." छातीचं दुखणं सांगत बसलात तर तपासणारा ईसीजीच्या मागे लागेल आणि वेळ जाईल.

बाकी गोष्टी थोडक्यात. जांभळा-निळा डाग मांडीवर खाली उतरत जाणं आणि दोन आठवड्यांत पिवळा पडून जाणं नेहमीचं आहे. बोळा बसवला असेल तर वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे लागते, तीही चालते. पण गाठ वाढत असेल, हाताला ठोके लागत असतील, तर धमनीला फुगा आलेला असू शकतो. सोनोग्राफीत कळतं आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय बरं करता येतं. पाय गार पडणं, फिकट होणं, चालताना पोटरी दुखू लागणं म्हणजे रक्तप्रवाह अडलाय का हे त्याच दिवशी बघायला हवं. आणि चार-आठ दिवसांनी ताप, जांघेत लाली किंवा पू दिसला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ नका, विशेषतः मधुमेह असेल तर. साधन बसवलेल्या जागेचा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर धमनीपर्यंत जातो.

जखमेतून थोडं रक्त आलं म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर स्वतःहून बंद करू नका. नवा स्टेंट त्यामुळे गुठळीनं बंद पडू शकतो, आणि तो झटका जांघेतल्या रक्तस्रावापेक्षा महागात पडतो.

कामाचं विचाराल, तर जांघेतून झालं असेल तेव्हा आठवडाभर पाण्याचे हंडे, पोती, गॅस सिलिंडर उचलायचे नाहीत, बाइकला किक मारायची नाही. पहिले दोन-तीन दिवस उकिडवं बसणं टाळा, कमोडची खुर्ची मिळाली तर उत्तम. लावणीचे दिवस असतील तर चिखलात उतरणं आठवडाभर पुढे ढकला. मनगटातून झालं असेल तर त्या हातानं कोयता चालवणं, धार काढणं, धुणं पिळणं चार-पाच दिवस नको. दुसऱ्या दिवसापासून तांब्यानं अंघोळ चालेल. सावित्रीत डुंबणं किंवा सवच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरणं मात्र कातडी पूर्ण भरेपर्यंत थांबवा.

बोळ्याचं साधन असेल तर कार्डवरच्या तारखेपासून ९० दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. त्याआधी पुन्हा अँजिओग्राफीची वेळ आली तर टेबलावर जाण्यापूर्वी ते कार्ड डॉक्टरांच्या हातात द्या.