हिरव्या-सोनेरी रंगाची वहिवाट

मँचेस्टर शहराच्या ईशान्येस न्यूटन हीथ नावाची जी कामकऱ्यांची वस्ती आहे, तेथे लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचा डबे बांधण्याचा विस्तीर्ण कारखाना होता; आणि त्या कारखान्यातील कामगारांनी 1878 साली, दिवसभराचे काम आटोपल्यावर खेळावे, शनिवारी दुसऱ्या खात्याच्या लोकांशी दोन हात करावेत, एवढ्याच माफक हेतूने आपला एक फुटबॉल संघ उभा केला. आपल्या गिरणगावात ज्या वृत्तीने चाळीचाळींतून व्यायामशाळा आणि भजनी मंडळे निघाली, तीच वृत्ती या उद्योगाच्या मुळाशी होती. अर्धा हिरवा व अर्धा सोनेरी असा त्यांचा सदरा असे. पुढे हाच संघ मँचेस्टर युनायटेड या नावाने जगद्विख्यात झाला आणि त्याचा तांबडा सदरा मुंबईपासून टोकियोपर्यंत विकला जाऊ लागला. परंतु त्या सदऱ्यावर खरी सत्ता कोणाची, भागपत्रे ज्याच्या पेटीत आहेत त्याची की पिढ्यान्‌पिढ्या तो अंगावर वागवणाऱ्यांची, हा वाद तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्याचा इतिहास सामन्यांच्या इतिहासाइतकाच मननीय आहे.

कारखान्याच्या आश्रयातून बाहेर पडून 1892 साली संघ लीगमध्ये दाखल झाला, परंतु त्याचा खर्च उत्पन्नाला भारी पडू लागला. 1902 च्या जानेवारीत 2,670 पौंडांच्या देण्यापायी कंपनी मोडीत काढण्याचा न्यायालयीन हुकूम झाला, तेव्हा संघाचा कर्णधार हॅरी स्टॅफर्ड याने बिअरच्या धंद्यात धनाढ्य झालेल्या जॉन हेन्री डेव्हिस याला गाठून त्याचे द्रव्यसाहाय्य मिळवले. निधी जमवण्यासाठी भरवलेल्या बाजारातून स्टॅफर्डचा कुत्रा चुकला आणि तो डेव्हिसच्या हाती लागल्यामुळे दोघांची गाठ पडली, अशी आख्यायिका मँचेस्टरमध्ये आजही सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या साहाय्याचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. न्यूटन हीथ हे नाव गेले, जुने रंग गेले, आणि त्यांच्या जागी मँचेस्टर युनायटेड हे नाव व तांबडा रंग आला. संघाचा जीव वाचला, पण ज्या वस्तीत तो जन्मला तिच्याशी असलेले नामाचे व वर्णाचे नाते तुटले. 1910 साली तर डेव्हिसच्या पैशाने शहराच्या दुसऱ्या टोकाला ओल्ड ट्रॅफर्डचे भव्य क्रीडागार उभे राहिले आणि संघ तेथे गेला.

तथापि त्या काळच्या धनिकाला क्लबातून धन काढून नेण्याची मुभा नव्हती. फुटबॉल असोसिएशनच्या नियमावलीतील 34 व्या नियमाने भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती, संचालकांना वेतन घेण्यास मनाई केली होती, आणि क्लब मोडला तर त्याची मिळकत मालकांनी वाटून घेऊ नये अशी तजवीज केली होती. संचालकपद म्हणजे गावातील प्रतिष्ठिताने वाहायची मानाची पालखी, मिळकतीचा मार्ग नव्हे, ही या नियमामागची धारणा होती. ती सर्वांशी उदात्त होती असे मी म्हणणार नाही, कारण मान हासुद्धा एक मोबदलाच आहे आणि खेळाडूंना तुटपुंज्या वेतनावर राबवणारी मंडळे याच धारणेच्या छायेत निर्धास्त होती. परंतु क्लबाचे उत्पन्न क्लबातच राहील एवढी हमी तिने जवळजवळ एक शतक दिली.

संचालकांना जाब विचारण्याची प्रथाही अलीकडची नाही. 1930-31 च्या हंगामात युनायटेडने ओळीने पहिले 12 सामने गमावले; ती मालिका चालू असतानाच समर्थक मंडळाचा चिटणीस जॉर्ज ग्रीनहफ याने नवा व्यवस्थापक, नवे खेळाडू आणि संचालक मंडळात नवी माणसे अशा मागण्यांची कैफियत मांडली व आर्सेनलविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हल्म टाउन हॉलमध्ये सभा भरली, ठराव झाला. आणि दुसऱ्या दिवशी सुमारे 23 हजार लोक सामन्याला आलेच. या विसंगतीला कोणी हसू नये. मालकावर रुष्ट असलेला माणूस संघावर रुष्ट असतोच असे नाही, आणि मैदानाकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्याच घरातून निघून जाणे, ही त्याची व्यथा त्यानंतरच्या प्रत्येक आंदोलनात पुन्हा पुन्हा प्रकट झालेली दिसते. पुढल्याच वर्षी, 1931 च्या नाताळात, खेळाडूंच्या वेतनालाही पैसा उरला नाही, तेव्हा लष्करी गणवेशांचा कारखानदार जेम्स गिब्सन याने 2,000 पौंड देऊन संघ सावरला व पुढे वीस वर्षे तो निष्ठेने सांभाळला.

संघावर ओढवलेल्या 1958 च्या म्युनिकच्या विमान अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मांसाचा व्यापारी लुई एडवर्ड्स संचालक मंडळात आला. लहानसहान भागधारकांकडून भाग विकत घेत घेत त्याने क्लबाची सत्ता आपल्या हाती एकवटली, आणि 1980 साली त्याच्या निधनानंतर ती त्याचा पुत्र मार्टिन याच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी असोसिएशनने वेतन घेणाऱ्या संचालकाला मान्यता दिली; 1983 साली लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने वेगळी धारक कंपनी स्थापून 34 व्या नियमाला वळसा घालण्याची वाट दाखवली; आणि 1991 साली युनायटेडचे भाग लंडनच्या शेअर बाजारात आले. मानाचे पद मिळकतीचे झाले ते असे, सुमारे दहा वर्षांत.

आता सदऱ्याच्या व्यापाराकडे वळू. एके काळी समर्थकाच्या गळ्यातील लोकरीचा पट्टा त्याच्या आईने किंवा आजीने विणलेला असे, आणि क्लबाचे स्मरणवस्तूंचे दुकान इतके नगण्य मानले जाई की ते थोर व्यवस्थापक मॅट बझबी याला चालवायला दिले गेले. 1970 च्या दशकात ॲडमिरल या कंपनीने खेळाडूंच्या गणवेशाची हुबेहूब प्रतिकृती मुलांसाठी विकण्याचा धंदा मांडला आणि वारंवार नवा नमुना, वारंवार नवा खर्च हे चक्र सुरू झाले. 1976 साली केटरिंग टाउन या लहान क्लबाने छातीवर एका टायर कंपनीचे नाव मिरवले, तेव्हा असोसिएशनने ते काढून टाकण्याचे फर्मान काढले. पण ही मनाई फार टिकली नाही. युनायटेडच्या सदऱ्यावर 1982 साली शार्प या जपानी कंपनीचे नाव आले. योगायोग असा की, या शार्पचे ब्रिटनमधील मुख्य कार्यालय न्यूटन हीथ येथेच होते. ज्या वस्तीचे नाव ऐंशी वर्षांपूर्वी पुसले गेले, तेथूनच पहिल्या पुरस्कर्त्याचे नाव त्या सदऱ्यावर आले.

शेअर बाजारात उतरल्यावर विक्रीला विलक्षण गती आली. टॉटनहॅमकडून आणलेल्या एडवर्ड फ्रीडमन या गृहस्थाने दुकान, मासिक, बोधचिन्हाचा परवाना अशा प्रत्येक अंगाचा पद्धतशीर विस्तार केला. लीगप्रवेशाच्या शताब्दीचे निमित्त साधून 1992 साली क्लबानेच न्यूटन हीथचा हिरवा-सोनेरी सदरा, गळ्याशी नाडी असलेला, तिसरा गणवेश म्हणून बाजारात आणला. म्हणजे कामगारांच्या स्मृतीचेही प्रथम व्यापारात रूपांतर झाले होते. पुढील घटनांचे मर्म कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. 1996 च्या एप्रिलमध्ये साउदॅम्प्टन येथे करड्या रंगाच्या गणवेशात खेळणारा संघ मध्यंतरापर्यंत तीन गोलांनी मागे पडला, आपले सहकारी प्रेक्षकांच्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत अशी सबब पुढे आली, आणि उत्तरार्धात खेळाडू दुसरा गणवेश घालून उतरले. तो करडा सदरा संघाने पुन्हा वापरला नाही. मुलांच्या हट्टापायी तो विकत घेणाऱ्या आईबापांच्या खर्चाचा विचार कोणी केला नाही. 2003 साली तर सदऱ्यांच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल गणवेशनिर्माते, दुकानदार आणि खुद्द युनायटेड यांना सरकारी व्यापार-नियामकाने दंड केला. क्लबावर ठोठावलेली रक्कम 16 लाख 50 हजार पौंड होती. ज्याची निष्ठा अढळ आहे त्याच ग्राहकाला त्या निष्ठेसाठी नाडणे, याहून कठोर शब्द मला या व्यवहारासाठी सापडत नाही.

1998 साली रूपर्ट मर्डॉक यांच्या दूरचित्रवाणी कंपनीने 62 कोटी 30 लाख पौंडांना क्लब विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा समर्थकांनी स्वतः भागधारक होऊन संघटना बांधली, मक्तेदारी आयोगापुढे आपली बाजू अभ्यासपूर्वक मांडली, आणि 1999 च्या एप्रिलमध्ये सरकारने तो व्यवहार रोखला. हा त्यांचा सर्वांत मोठा विजय. परंतु ज्या बाजाराने समर्थकाला चार भाग घेऊ दिले त्याच बाजाराने 2005 साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाला सगळा क्लब घेऊ दिला. सुमारे 79 कोटी पौंडांच्या त्या खरेदीतील निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाऊ होती, आणि ते कर्ज बहुतांशी क्लबाच्याच मिळकतीच्या तारणावर काढलेले होते. डेव्हिस आणि गिब्सन यांनी क्लबाचे देणे फेडून मालकी मिळवली. ग्लेझरांनी मालकी मिळवण्यासाठी क्लबाला देणेकरी केले. काही समर्थकांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, जेथे प्रत्येक सभासदाला एकच मत आहे आणि सदऱ्यावर पुरस्कर्त्याचे नाव नाही. 2016 साली त्याच्याही मंडळात कडाक्याचा तंटा झाला. सामुदायिक मालकीनेही माणसांचे मतभेद मिटत नाहीत, पण तेथे कारभाऱ्याला मतदानाने बदलता येते, आणि हा फरक माझ्या मते लहान नाही.

2010 च्या जानेवारीत 50 कोटी पौंडांचे कर्जरोखे काढण्याच्या निमित्ताने क्लबाचे दफ्तर लोकांपुढे आले आणि एकंदर कर्ज 71 कोटी पौंडांच्या वर असल्याचे दिसले. तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टँडमध्ये, तांबड्या सागरात, हिरवे-सोनेरी पट्टे झळकू लागले. ते क्लबाच्या दुकानातले नव्हते. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांकडून ते घेतले जात आणि त्यातला छदामही मालकांच्या खजिन्यात पडत नसे. मार्च महिन्यात मिलान संघाकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकम या युनायटेडच्या जुन्या खेळाडूने मैदान सोडताना तसाच एक पट्टा उचलून गळ्यात घातला, आणि समर्थकांच्या न्यासाची सभासदसंख्या एक लाखावर गेली. पण समर्थकांचे एकमत नव्हते. हंगामी तिकीट पुन्हा घ्यावे की नाही, नवा सदरा मुलाला घेऊन द्यावा की नाही, उत्पन्न घटले तर मालक आधी खेळाडूच विकणार नाही काय, असे प्रश्न सामन्यापूर्वीच्या पबमध्ये आणि घराच्या जेवणाच्या टेबलावर चर्चिले जात होते, आणि दोन्ही बाजू क्लबाच्या हितासाठीच भांडत होत्या.

विरोधाने विक्री मात्र थांबली नाही. नायकेचा 13 वर्षांचा करार 30 कोटी 30 लाख पौंडांचा होता. 2015 पासूनचा आदिदासचा करार 10 वर्षांना किमान 75 कोटी पौंडांचा झाला. सरावाच्या कपड्यांवरील जागाही स्वतंत्रपणे विकली गेली, आणि देशोदेशी निरनिराळे भागीदार नेमण्यात आले. भारतात एअरटेल आणि अपोलो टायर्स यांचे करार झाले, तर लोअर परळला, जेथे पूर्वी फिनिक्स गिरणीचे चाते फिरत होते, त्या बाजारसंकुलात या क्लबाच्या नावाचे उपाहारगृह काही काळ चालले. मँचेस्टरच्या समर्थकाला या विस्ताराचा राग नव्हता, निदान सुज्ञांना तरी नव्हता. एवढे उत्पन्न येऊनही ते व्याजापायी आणि लाभांशापायी बाहेर का जाते व क्रीडागाराचे छप्पर का गळते, हा त्याचा सवाल होता. 2021 च्या मे महिन्यात, मालकांनी मोठ्या क्लबांच्या स्वतंत्र सुपर लीगच्या कटात सामील होऊन माघार घेतल्यानंतर, संतप्त जमाव मैदानात घुसला आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. 2024 साली उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी एक चतुर्थांशाहून थोडे अधिक भाग घेऊन खेळाचा कारभार हाती घेतला. मुख्य सत्ता मात्र ग्लेझरांकडेच राहिली.

2025 साली ब्रिटिश संसदेने फुटबॉलच्या कारभाराचा कायदा संमत केला. त्यानुसार क्लबाला आपले बोधचिन्ह किंवा घरच्या सदऱ्याचे रंग बदलायचे असतील, तर समर्थकांच्या बहुमताचा आधार असल्याचे दाखवावे लागेल. सदऱ्याची किंमत काय असावी, त्यावर कोणाचे नाव छापावे, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर कोणी बसावे, यांविषयी मात्र समर्थकांना असा मताचा अधिकार त्या कायद्याने दिलेला नाही. आणि सामन्याच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डबाहेर हिरव्या-सोनेरी पट्ट्यांची विक्री अद्याप चालू आहे.