मोकळ्या जागेचे मोल

परप्रांतात आपली वसाहत उभी राहते तेव्हा आधी घरे होतात, मग सभागृह होते, आणि उरलेल्या जागेस आपण पटांगण म्हणतो. या ‘उरलेल्या’ जागेचे मोल टोकियो नगरीस १९२३ साली फार मोठी किंमत देऊन कळले.

१ सप्टेंबर रोजी, दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना, तेथे भूकंप झाला. घरोघरी चुली पेटलेल्या, घरे लाकडी आणि वारा जोराचा. त्यामुळे भूकंपाहून आगीनेच अधिक संहार केला. मृत व बेपत्ता मिळून सुमारे १,०५,००० माणसे गेली.

सुमिदा नदीच्या पूर्वेस, होंजो भागात, लष्करी कपड्यांच्या कारखान्याची विस्तीर्ण जागा रिकामी पडली होती. हजारो लोक गाद्या, गाठोडी, हातगाड्या घेऊन तेथे जमले. भोवतालची आग त्या सामानास लागली, अग्नीची वावटळ उठली आणि त्या एका मैदानात सुमारे ३८,००० जीव होरपळून गेले. नदीच्या त्याच तीरावरील कियोसुमी उद्यानात मात्र हजारो लोक वाचले. तेथे दाट झाडी होती, मोठे तळे होते. नदीपलीकडच्या उएनो उद्यानानेही लाखोंना आसरा दिला.

जागा मोकळी असणे पुरेसे नाही. तिला झाडांची कड हवी, पाणी हवे आणि ती सामानाने अडलेली नसावी, हा त्यातील बोध होय. टोकियोने तो घेतला. पुनर्रचनेत ३ मोठी आणि ५२ लहान उद्याने निर्माण झाली. लहान उद्याने प्राथमिक शाळांना लागून ठेवली. एरवी मुलांचे क्रीडांगण, संकटकाळी साऱ्या आळीचे आश्रयस्थान, अशी ती योजना होती.

आपल्या देशातही २६ जानेवारी २००१ रोजी भुजमध्ये रुग्णालय कोसळले, तेव्हा जखमींवर ज्युबिली मैदानात, उघड्या आकाशाखाली उपचार करावे लागले.

आप्तेष्ट शेकडो कोस दूर असलेल्या आपणांस संकटात प्रथम शेजारीच उपयोगी पडणार, आणि ते भेटणार पटांगणातच. म्हणून उत्सवाचा मांडव घालताना वाट मोकळी ठेवावी, फाटकाची किल्ली कोणाकडे आहे हे प्रत्येक घरास ठाऊक असावे आणि कडेची झाडे तोडू नयेत. पुढील पिढीच्या हाती सभागृहाइतक्याच आस्थेने हे पटांगणही सोपवावे.