माळाचं 'जंगल' आणि झाडाच्या पोटातली बुरशी

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मला शब्दांचा माग काढायची खोड आहे. 'जंगल' म्हटलं की दोन्ही भाषांत दाट झाडी डोळ्यांपुढे येते. मूळ संस्कृत 'जांगल' मात्र निराळं. चरकसंहितेतला जांगल देश कमी पाण्याचा, मोकळा, वाऱ्याचा मुलूख आहे. तिथे खैर, शमी, बोर अशी झाडं आहेत आणि हरणं आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. शब्दाचा अर्थ पालटला आणि त्याची किंमत, माझ्या मते, आमच्या माळाने मोजली.

१९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथल्या उघड्या माळावर गिरीपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब लावले गेले. त्यातली पहिली दोन मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. माती अडवायची, जळण-चारा मिळवायचा, हा हेतू वाईट नव्हता. पण गवताळ माळ सरकारी नोंदीत 'पडीक' ठरला होता, आणि पडीक म्हणजे झाडांची वाट पाहणारी जमीन असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. ज्याच्या नावातच माळ आहे, त्या पक्ष्याला लांबवर नजर जाईल असं गवत लागतं.

बरं, माळ गेला तो गेला, निदान जंगल तरी आलं का? हे तपासायला झाडाच्या आत डोकवावं लागतं.

झाडाच्या पानांत, सालीत, लाकडात झाडाला आजारी न करता बुरशी राहते. अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये अशा आत राहणाऱ्या जिवांसाठी 'एंडोफाइट' हा शब्द वापरला. काही गवतांत ही बुरशी बियांतून पुढच्या पिढीत जाते. बहुतेक झाडांचं तसं नसतं. कोवळं पान जवळजवळ रिकामं असतं. वाऱ्यातून बीजाणू येतात, दव-पावसाच्या ओलीत रुजतात आणि पान जून होता होता आतली वस्ती वाढते. म्हणजे झाडाच्या पोटात कोण राहणार, हे त्याच्या शेजारावर आणि ओलाव्यावरही ठरतं. टी. एस. सूर्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी निलगिरी भागातल्या कोरड्या काटेरी रानापासून ओल्या जंगलापर्यंतची पानं तपासली. पुष्कळशा बुरशी एकाच जातीच्या झाडाला चिकटून नव्हत्या, वेगवेगळ्या झाडांत त्याच सापडत होत्या.

म्हणून माळावर आपोआप बोरी-बाभळी उगवत झुडपांचं रान होतं, तेव्हा आतले रहिवासीही टप्प्याटप्प्याने बदलतात. आधी कुठेही जमवून घेणारे येतात. मग सावली पडते, पालापाचोळा साचतो, फांद्या वाळतात. जिवंत फांदीत गप्प बसलेली काही बुरशी फांदी मेली की तिथेच कुजवायला लागते, आणि मागून लाकूड कुजवणाऱ्या दुसऱ्या जाती येतात. बाभूळ म्हातारी झाली की तिचा गाभा बुरशी पोखरते. वखारवाला अशा लाकडाला नाक मुरडतो, पिंगळा मात्र तिथे अंडी घालतो. हे सगळं व्हायला दशकं लागतात. एकाच वर्षी, एकाच वयाची, ओळीत लावलेली आणि जळणासाठी वरचेवर छाटली जाणारी गिरीपुष्पं म्हातारी होतच नाहीत. त्यांच्यात वाळलेला गाभा नाही, ढोली नाही.

अभयारण्याचं क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. लागवडीची मोजणी आजही रोपांच्या आकड्यात होते. माळढोक मोजायला गेलेल्यांना आता एखादा दिसला तरी ती बातमी होते.